एक तपासायला, एक घालायला

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. मोरीच्या दाराशी बैठका काढत होतो आणि दर बैठकीनंतर चड्डी मांडीवर किती वर सरकली ते मोजपट्टीने मोजत होतो. दहा बैठकांत पावणेदोन इंच. शर्यतीत शेवटी जड चेंडू भिंतीवर शंभर वेळा फेकायचा असतो, म्हणजे शंभर बैठका. या हिशेबाने चड्डी साडेसतरा इंच वर जाईल. चड्डीची एकूण लांबी सोळा आहे.

वडिलांना, म्हणजे आबांना, हे दाखवलं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मग शंभराव्या बैठकीला ती बनियन होणार."

ही वही कारखान्यातली आहे, कोरी पडून होती. तपासणी अहवालाची असल्यामुळे प्रत्येक पानावर 'दोष' आणि 'शेरा' असे रकाने आहेत. वागळे इस्टेटमध्ये आमचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट शिवण्याचा गाळा आहे, तिथे मी चेकर आहे. नववीनंतर शाळा सुटली. शुद्धलेखन मात्र मी सोडलं नाही, कारण अहवालात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की माल परत पाठवताना समोरचा आधी त्यावर हसतो आणि मग मालावर भांडतो.

शर्यत १४ डिसेंबरला आहे, शीळफाट्याजवळच्या एका मोठ्या गोदामात. एक किलोमीटर धावायचं, मग एक काम करायचं. असं आठ वेळा. कामं म्हणजे वजन ठेवलेली गाडी ढकलणं, ती दोराने ओढणं, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघे टेकत चालणं, वगैरे. मी आणि पायलताई मिश्र जोडीत आहोत. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, डोंबिवलीत दिलेली, दोन मुलांची आई. शर्यतीची कल्पना तिचीच. नाव तिने सप्टेंबरातच नोंदवलं. तिच्या घरी कुणालाच माहीत नाही. "आईंना कळलं तर?" असं ती म्हणते. आई म्हणजे तिच्या सासूबाई, मंजुळामावशी.

मावशी कधी मोठ्याने बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यामुळे भीती जास्त वाटते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

चड्डी सैल घ्यावी की अंगाला घट्ट बसणारी, की घट्टवर सैल अशी दुहेरी, यावर दुपारच्या सुट्टीत कुंडलिक मास्तरांना विचारलं. ते आमचे कटिंग मास्टर.

"सैल घेतलीस तर गाडी ढकलताना अडकेल," ते म्हणाले.

"आणि घट्ट घेतली तर?"

"तर लोकांना तू दिसशील."

"मग दुहेरी?"

"अरे, तू पोरगी बघायला गेलास तर इतके प्रश्न विचारशील का?"

नंतर त्यांनी एक कामाची गोष्ट सांगितली, जी मला माहीत होती पण स्वतःच्या बाबतीत सुचली नव्हती. एका नगावरून मालाची पारख करू नये. एकाच लॉटमधले दोन घ्यावेत. एक तपासायला, एक घालायला.

रविवार, ९ नोव्हेंबर

सराव. ताई नेहमीप्रमाणे पंजाबी ड्रेस घालून आली आणि जिमच्या दारात वरचा कुडता काढून पिशवीत टाकला. आत दाजींचा जुना टी-शर्ट आणि बाजारातली अडीचशेची काळी लेगिंग. ताईच्या कपड्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

माझ्या मोज्यांबद्दल मात्र आहे. डाव्या मोज्याची बोटांवरची शिवण टोचते. उजव्याची टोचत नाही. दोन्ही एकाच जोडीतले आहेत. हे कसं?

वाळूची पिशवी घेऊन चालताना ताईची लेगिंग गुडघ्यावर फाटली, दोन इंच. ती थांबली नाही. मी थांबलो होतो, मोज्यासाठी. तिने माझी उरलेली फेरीही मारली आणि मग म्हणाली, "धम्मा, शर्यत पायात असते रे, मोज्यात नाही." तिला या विषयातलं कळत नाही.

ताईच्या कपड्यांची पिशवी धुण्याच्या चाचणीसाठी मी माझ्याकडे आणली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पिशवी परत द्यायला डोंबिवलीला गेलो. ताईने ती घाईघाईने तांदळाच्या पिंपामागे सरकवली. फाटलेला गुडघा शिवायला मला वेळ झाला नव्हता, हे सांगायचं राहिलं, कारण मावशी चहा घेऊन आल्या.

मावशींनी माझ्या कामात फार रस घेतला. असं कुणी विचारत नाही.

"तुमच्यात ते ताणलं जाणारं कापड असतं ना? ते साध्या सुईनं शिवलं तर भोकं पडतात म्हणं."

मी त्यांना अर्धा तास समजावलं. विणलेल्या ताणाच्या कापडाला बोथट टोकाची सुई लागते, ती धाग्यांमधून वाट काढते, धागा तोडत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मिळंल का एखादी मला? गोधडीला बघीन म्हणते." योगायोगाने माझ्या पाकिटात एक होती. दिली.

गोधडीला बोथट सुई उपयोगाची नाही, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे."

रविवार, १६ नोव्हेंबर

ताईने गुडघा शिवून आणला आहे. मी भिंगाखाली बघितला. हातशिलाई, इंचाला बारा टाके, सगळे सारखे, कुठेही चुणी नाही. आमच्या गाळ्यातही असा हात कुणाचा नाही. मी म्हटलं, "ताई, तुझा हात फार सुधारला." ती म्हणाली, "टोमणे मारू नकोस, धाव."

शेरा: लेगिंगला डांबरगोळीचा वास येतो. तांदळाच्या पिंपामागे डांबरगोळी ठेवणं आरोग्याला बरं नाही. सांगितलं पाहिजे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

चड्ड्या घेतल्या. एकाच लॉटच्या दोन, गडद करड्या, प्रत्येकी ६४९. वेष्टनावर कापडाचं वजन चौरस मीटरला १६० ग्रॅम लिहिलं आहे. लिहिलेलं सगळं खरं असतं तर माझी नोकरी कशाला असती?

कापडाचं वजन काढायला आमच्याकडे गोल कटर असतो. कापडावर दाबून फिरवला की बरोबर शंभर चौरस सेंटिमीटरची चकती निघते. ती काट्यावर ठेवायची आणि येणाऱ्या ग्रॅमना शंभराने गुणायचं. चकतीला सपाट जागा लागते. चड्डीवर सगळ्यात मोठी सपाट जागा कुठे असते हे सांगायला नको. तिथेच कटर फिरवला.

कुंडलिक मास्तर धावत आले. "अरे! नवीकोरी!"

"मास्तर, तपासायची आहे ही. घालायची ती दुसरी."

"तुझं लग्न ठरलं की मला आधी सांग. मुलीकडच्यांना सावध करीन."

चकतीचं वजन एक ग्रॅम बासष्ट. म्हणजे १६२. कंपनीने दोन जास्तच दिले! घरी तीच चड्डी जीन्सवर चढवून बैठका काढल्या. दहा बैठकांत फक्त पाव इंच सरकली. सर्व चाचण्यांत उत्तीर्ण.

चकती या पानावर पिन मारून लावत आहे.

[इथे करड्या कापडाची गोल चकती लावलेली.]

पद्धतीप्रमाणे पिशव्यांना चिठ्ठ्या लावल्या. जो नग तपासून पास होतो त्याला 'मंजूर नमुना'. न तपासलेल्याला 'साठा'.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काल ताईने विचारलं, "धम्मा, मी पण शॉर्ट घालू का रे शर्यतीला?" मी सांगितलं की गुडघे टेकताना लेगिंगमध्ये घर्षण कमी होतं, पण घाम शॉर्टमध्ये लवकर वाळतो, त्यामुळे दोन्ही बाजू समान आहेत. ती म्हणाली, "बरं."

रात्रभर हे डोक्यात राहिलं. तिने घर्षणाबद्दल विचारलं नव्हतं.

एक गोष्ट कुठेच लिहिलेली नाही, ती इथे लिहितो. ताई सतरा वर्षांची असताना जिल्ह्याच्या कबड्डी संघात निवडली गेली होती. सराव मैदानावर चालायचा. ती शॉर्ट घालून वस्तीतून चालत जायची. मी बारा वर्षांचा होतो. एके दिवशी जेवताना मी आबांना सांगितलं की नाक्यावरची पोरं ताईला हसतात. दुसऱ्या दिवशी आबांनी सरांना निरोप पाठवला, आणि संघ ताईशिवाय गेला.

नाक्यावर पोरं हसत नव्हती. नाक्यावर एकच पोरगा उभा असायचा, तो मी. लाज मला वाटायची.

ताईने कधी विचारलं नाही कुणी सांगितलं ते. मी कधी बोललो नाही. सोळा वर्षं झाली.

आज कारखान्यातून तिच्यासाठी एक काळी शॉर्ट विकत घेतली, गुडघ्याच्या चार बोटं वर येणारी. ती मात्र फाडून तपासली नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

शॉर्ट दिली. ताईने अंगाला लावून बघितली, हसली, पिशवीत तळाशी ठेवली. "बघू," म्हणाली. सराव लेगिंगमध्येच केला.

लेगिंगच्या कमरेच्या पट्टीत आतून एक लहान खिसा आला आहे. मूळ डिझाइनमध्ये नाही. 'दोष' रकान्यात लिहावं का? ताई म्हणाली, "किल्ली मस्त मावते. कल्पना चांगलीय तुझी."

"माझी कसली?"

"बरं बाबा, कुणाची नाही."

इंचाला बारा टाके. ताई हल्ली शिवणकामात रमलेली दिसते आणि कौतुक मला देते आहे. तिचा स्वभावच तसा.

शनिवार, ६ डिसेंबर

दादरला. आबा, ताईच्या घरचे आणि मी, सगळे पांढऱ्यात. रांगेत साडेपाच तास. मावशी साठीच्या पुढच्या, पण एकदाही टेकल्या नाहीत. माझ्या सदऱ्याची काखेतली शिवण घासून कातडी लाल झाली. मावशींच्या ते लक्षात आलं.

"लांब चालायचं असलं की मी पोलकं उलटं घालते," त्या म्हणाल्या. "शिवण भाईर. वरनं पदर असतो, कोण बघतंय?"

मी थक्क झालो. शिवण बाहेर! एवढं मोठं तत्त्व कुठल्याही वेष्टनावर लिहिलेलं नाही. मोजे उलटे घालून बघायचे.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या कारखान्यात चिंध्यांचं काय करता?" मी म्हटलं, किलोवर विकतात. त्यांनी मान हलवली.

गुरुवार, ११ डिसेंबर

मोजे उलटे घातले. टोचत नाहीत! महिनाभर ज्याच्यासाठी झोप उडाली ते साठीच्या बाईने रांगेत उभ्याने सोडवलं.

ताईचा फोन आला. रविवारी खडवलीला मैत्रिणीकडे जाते असं तिने घरी सांगितलं. मावशी काही म्हणाल्या का, असं मी विचारलं.

"काही नाही रे. गूळ-शेंगदाण्याचे लाडू करून देते म्हणाल्या. म्हणे, 'एवढं आठ किलोमीटर जायचं तर पोटाला आधार पायजे.'"

खडवली स्टेशनापासून कुणाचंही घर इतकं लांब नसावं. मावशींचा अंदाज चुकला. ताईला मी तसं सांगितलं, तर तिने घाईने फोन ठेवला. बहुधा खोटं बोलल्याचं वाईट वाटत असेल.

शनिवार, १३ डिसेंबर

बांधाबांध. पंचा, मोजे (उलटे करून), टी-शर्ट, चिकटपट्टी, पाणी, ही वही. 'मंजूर नमुना' लिहिलेली पिशवी तीनदा तपासली: चिठ्ठी आहे, घडी सरळ आहे, नाडी पुढे आहे. 'साठा' कपाटात. चड्डी मळू नये म्हणून जाताना जीन्स घालणार, तिथे बदलणार.

शेरा: चूक होण्यासारखं काही राहिलेलं नाही.

रविवार, १४ डिसेंबर

संध्याकाळचे सात. घरी. मांड्या आपल्या नाहीत असं वाटतं. क्रमाने लिहितो.

आमची सुरुवात दहा चाळीसला होती. दहाला मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो, 'मंजूर नमुना' उघडला, चड्डी चढवली. बाहेर आलो तेव्हा मागून गार लागलं. गोदामात पंखे मोठे आहेत म्हणून दुर्लक्ष केलं. मग ताई पाठीमागून म्हणाली, "धम्मा, तुझी आतली चड्डी निळी आहे."

मी हात मागे नेला. गोल. शंभर चौरस सेंटिमीटर.

तपासून पास झालेल्या नगालाच 'मंजूर' लिहितात. दहा वर्षं लिहितो आहे. आणि मंजूर नमुना कधी कुणी घालत नाही, तो कपाटात ठेवायचा असतो, हे मला त्या क्षणी आठवलं.

ताई इतकी हसली की खाली बसली. मी म्हटलं, जीन्समध्ये धावतो. ती म्हणाली, "जीन्समध्ये गुडघे टेकलेस तर पुढूनही गोल पडेल." तिने ओढणी माझ्या कमरेला गुंडाळली. गेटवरचा मुलगा आला. "भाऊ, लटकणारं काही चालणार नाही, गाडीत अडकेल." ओढणी काढली. तो मागे गेला, त्याने बघितलं, आणि तो जरा लांब जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "खडवली हीच का, पायल?"

मंजुळामावशी. बरोबर दाजी, दोन्ही खांद्यांवर दोन्ही मुलं. ताईचा चेहरा लेगिंगच्या रंगाचा झाला.

"आई... तुम्ही..."

"नाव नोंदवताना नंबर माझा टाकलायस," दाजी म्हणाले. "सप्टेंबरपासनं मेसेज येतायत. 'पायल, तू तयार आहेस का?' रोज सकाळी. मी दोनदा हो म्हणून उत्तर पण दिलंय."

"मग बोलला का नाहीत?" ताईने विचारलं.

"तुम्ही बोललात का?" मावशी म्हणाल्या. "इतकं मन लावून लपवत होतात. म्हटलं, मोडू नये." मग माझ्याकडे बघितलं. "तुला काय झालं, भिंतीला चिकटलास ते?"

मी वळून दाखवलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला नाही की त्या हसल्या नाहीत. त्यांनी भोकाची कड अंगठ्याने चाचपली. "बराबर गोल कापलंय. कापड कुठाय ह्याचं?"

"वहीत."

"आण."

मी पंचा लावून खोलीत बसलो, चड्डी आणि वही दाराच्या फटीतून दिली. १९ नोव्हेंबरच्या पानावरची पिन त्यांनी दातांनी काढली. कमरेच्या पिशवीतून सुई निघाली. बोथट टोकाची.

"मावशी, ही सुई..."

"तूच दिलेलीस की."

मग बाहेरून फक्त त्यांचा आणि ताईचा आवाज येत होता.

"आणि तू? पिशवीच्या तळाला ती काळी आहे, ती कधी घालणार?"

"आई, ती आखूड आहे."

"दिसली मला. मीच घडी घालून ठेवते रोज." दोरा ओढल्याचा आवाज आला. टाके चालू असावेत. "लग्नाआधी मी खडी फोडायला जायची. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं असायचं. कुणी काय म्हणलं नाही. म्हणणाऱ्याला बी खडीच फोडायची होती. जा, घालून ये. ह्याचं होईस्तोवर."

चड्डी परत आली तेव्हा दहा चौतीस झाले होते. चकती जिथून निघाली होती तिथेच बसली होती. मी सवयीने एका इंचातले टाके मोजले. बारा. चुणी नाही. शिवण बाहेरच्या बाजूला, टोचू नये म्हणून.

मग गुडघा आठवला. खिसा आठवला. डांबरगोळीचा वास आठवला; तो गोधड्यांच्या ट्रंकेचा होता. चेकर म्हणून मला दहा वर्षं पगार मिळतो आहे.

सुरुवातीच्या पट्टीवर उभे राहिलो. ताई काळ्या शॉर्टमध्ये. सोळा वर्षांनी तिचे गुडघे उघडे बघितले, डाव्यावर कबड्डीतली जुनी खूण तशीच. उलटी मोजणी सुरू झाली, दहा, नऊ. आणि माझ्या तोंडून निघालं, "ताई, तेव्हा आबांना मी सांगितलं होतं."

"माहितीय."

"कधीपासून?"

"नाक्यावर तू एकटाच तर उभा असायचास." चार, तीन. "रड नंतर. आता पळ."

पळालो. गाडी ढकलताना मला पुढे जागा दिली नाही तिने, स्वतः खांदा लावला. दोराने ओढताना मावशी कुंपणाला धरून ओरडत होत्या. मावशी ओरडतात! "पायले, कमरेतनं ओढ, हातानं नको!" सगळं गोदाम वळून बघत होतं. वाळूच्या पिशवीच्या वेळी ताईने उघड्या गुडघ्याने जमीन टेकत टेकत सात जोड्या मागे टाकल्या. मी तिच्या मागे होतो. माझ्या मागे कोण होतं आणि त्यांना काय दिसत होतं याचा विचार पहिल्या किलोमीटरनंतर एकदाही आला नाही.

वेळ: एक तास एकोणचाळीस मिनिटे. चौऱ्याहत्तर जोड्यांत एकावन्नावे. दोष: एकही टाका उसवला नाही. शेवटच्या शंभर बैठकांत चड्डी किती सरकली? मोजायचं राहिलं.

परत निघताना ताईने वरून कुडता घातला नाही. तशीच रिक्षात बसली, मांडीवर धाकटा आणि लाडवांचा डबा. रिक्षा शीळफाट्याच्या सिग्नलला थांबली. बाजूच्या टेम्पोतला माणूस बघत होता. मावशींनी त्याच्याकडे बघितलं. तो सिग्नलकडे बघायला लागला.

घरी आल्यावर आबांना सगळं सांगितलं, बारा वर्षांचा असतानाचंसुद्धा. त्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "पुढची शर्यत कधी आहे तिची?" तिची म्हणाले, तुमची नाही.

१९ नोव्हेंबरच्या पानावर आता फक्त पिनेची दोन भोकं आहेत. तिथे दुसरं काही लावणार नाही.

खर्च: चड्ड्या दोन, १२९८. ताईची शॉर्ट, कामगारांच्या दराने, २२०. मोजे दोन जोड, ३६०. पहिला जोड उलटा घातला असता तर दुसरा घ्यावाच लागला नसता. चिकटपट्टी ८५, वापरली नाही.

देणे: दाजींना नोंदणीचे माझे अर्धे, १७५० (ताईने त्यांच्याच खात्यातून भरले होते). ते नको म्हणतात, देणार. ताईचं काय ते तिला विचारलं. ती म्हणाली, "दर रविवारी सात वाजता ये, उशीर नको."

मावशींचं देणं: चिंध्या, दोन पिशव्या. रंगीत हव्यात, काळ्या नकोत, आणि त्या ताणल्या जाणाऱ्या तर मुळीच नकोत म्हणाल्या. ही चड्डी विटली की तीसुद्धा त्यांना द्यायची आहे. तो गोल तुकडा गोधडीच्या मधोमध लावणार आहेत.

शेरा: विटायला वेळ लागेल. कापड १६२ चं आहे.